चार पट्ट्या खाली

९ मार्च १९४२, सोमवार. सू सिटी

काल माझा आवाज फाटला. आधी तेच लिहून टाकते, म्हणजे आडवळणं घ्यायला नकोत.

'ओसरीवरचा दिवा' या माझ्या गाण्यात अगदी शेवटी 'ये' हा शब्द उंच जातो आणि तिथेच थांबतो. नाचणारी जोडपी त्या जागी थबकतात. दोन वर्षं तो सूर कुणी मला झोपेतून उठवून मागितला असता तरी लावला असता. काल तोंड उघडलं तर आतून गंजलेल्या बिजागरीचा आवाज आला. स्पडने प्रसंग ओळखून आपला ट्रॉम्बोन पुढे दामटला आणि माझी अब्रू झाकली. नंतरची दोन गाणी मी कशीबशी उरकली. मधला सगळा वेळ खुर्चीवर बसून हसत होते. बँडपुढे मांडलेल्या त्या खुर्चीवर गुडघे जुळवून, सॅटिनचा झगा चुरगळू न देता चार तास हसत बसायचं, ही माझी निम्मी नोकरी. गाणं त्यात जेमतेम बारा मिनिटांचं.

आज बसमध्ये स्पड म्हणाला, "काय गं मैने, पिंजऱ्यात वारं लागलं का?" बँडमध्ये गाणाऱ्या मुलीला सगळीकडे मैनाच म्हणतात. चौदा पुरुष आणि एक मैना. मी हसले. पण जानेवारीपासून हे तिसऱ्यांदा झालंय, आणि हे त्याला ठाऊक आहे.

१२ मार्च, गुरुवार. ओमाहा

कुणाला न सांगता घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉ. लिंडक्विस्ट. म्हातारे आहेत, हात बर्फासारखे. माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, आत आरसा घातला आणि बराच वेळ हं हं करत राहिले.

"खसखस ठाऊक आहे ना?"

म्हटलं, खसखशीच्या गोड पावावरच वाढलेय, आम्ही बोहेमियाकडची माणसं.

"तर त्या खसखशीच्या दाण्याएवढी गाठ आहे स्वरतंतूवर. गाऊन गाऊन पडलेला घट्टाच म्हणा. सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही. आपोआप विरेल."

मी म्हटलं, सहा आठवडे गप्प बसले तर माझ्या खुर्चीवर दुसरी येऊन बसेल. जूनमध्ये शिकागोला तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात आमचा मुक्काम आहे, तिथून रेडिओवर कार्यक्रम आहे, आणि जुलैत माझी पहिली रेकॉर्ड. लेबलवर माझं नाव येणार. सतराव्या वर्षापासून मी लग्नांत, जत्रांत, बर्फात अडकलेल्या बसमध्ये गात आलेय, ते याच्यासाठी.

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "मग एक खूण सांगतो. तुमचा तो उंच सूर आहे ना, तोच तुमचा आरसा. वाफ घ्या, ओरडू नका, आणि महिनाभर बघा. तो सूर दिवसेंदिवस सोपा होत गेला, तर गाठ विरतेय, खुशाल गात राहा. होता तितकाच राहिला किंवा जड झाला, तर त्याच दिवशी सगळं सोडून माझ्याकडे यायचं. गाठ एकदा निबर झाली की मग फक्त सुरी. आणि सुरीनंतर तुम्ही बोलाल. गाल की नाही ते मी सांगू शकत नाही."

वेंडेलला गाठीचं सांगितलं. तो आमचा पियानोवाला. गाण्यांची मांडणीही तोच करतो आणि चौदाजणांच्या स्वरलिपीची पानंही तोच लिहून काढतो. त्याच्यापाशी बोललेलं बाहेर जात नाही. तो नुसता चष्मा पुसत बसला. त्या खुणेचं मात्र मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रोज 'ये' आला की पियानोवरून डोळे वटारून माझ्या गळ्याकडे बघत बसला असता. मला धीर देणारी माणसं फार जड जातात.

१४ मार्च, शनिवार

क्लाइड मर्सरकडे रजेचा विषय काढून बघितला. बँडवर त्याचं नाव आहे, क्लॅरिनेट तो वाजवतो आणि पोरांमध्ये त्याला 'म्हातारा' म्हणतात, वय एक्केचाळीस. म्हटलं, "मिस्टर मर्सर, माझी आई जरा आजारी असते. समजा, मला एक सहा आठवडे..."

"सहा आठवडे? आणि त्या खुर्चीवर काय ठेवू, कुंडी?"

"तसं नाही..."

"हे बघ मिली, पिओरियाची एक पोरगी मला दर आठवड्याला फोटो पाठवते. दात चांगले आहेत. तू आईला बघून ये, मी दात बघतो."

म्हटलं, आईला बरं आहे आता.

२४ मार्च, मंगळवार. लिंकन

सूर तितकाच जड. कालपेक्षा जडच. लावला, फाटला नाही, पण दोन पोती एकदम उचलावीत तसं झालं. हॉटेलच्या न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून टॉवेल डोक्यावर घेऊन बसते. हॉटेलची बाई घरमालकिणीसारखी दार ठोठावून म्हणाली, "आत कपडे उकडतेयस का गं?"

वेंडेलने आज विचारलं, "फार दुखतं?" मी म्हटलं, दुखत नाही, घाबरायला होतं. तो "बरं" म्हणाला आणि बसच्या मागच्या बाकावर मांडीवर फळी घेऊन पानं लिहीत बसला. अठ्ठेचाळीस मैल एकदाही मान वर केली नाही.

२९ मार्च, रविवार. डे मॉइन

आला! काल 'ये' आला, आणि कसा, पूर्वीसारखा नाही पण न ओढता. मी स्वतःच दचकले. डॉक्टरांना महिना हवा होता, इथे सोळाच दिवस झालेत. वाफेला नावं ठेवणार नाही आता. आईला पत्र टाकलं.

वादकांची मात्र कुरकुर चालली होती. वेंडेलने गाण्याची पानं बदलली आहेत आणि सॅक्सोफोनवाल्यांची बोटं वळेनात. स्पड तर सगळ्यांदेखत म्हणाला, "वेंडेल, ही पट्टी कुणाच्या बापाची रे? ट्रॉम्बोनची नळी ओढायला इथे हात पुरत नाही, खांदा निखळवावा लागतो." वेंडेल म्हणाला, "नवीन करून बघतोय." स्पडने माझ्याकडे बघितलं आणि गप्प झाला. त्यालाही कधी गप्प बसता येतं, हे पहिल्यांदाच कळलं.

बिचारा वेंडेल. त्याला नेहमी काहीतरी नवीन करायचं असतं आणि लोकांना जुनंच हवं असतं. मला त्यातलं काही कळत नाही. मला स्वरलिपी वाचता येत नाही. वेंडेल पियानोवर चार सूर वाजवतो, त्यातला शेवटचा माझा, तिथून मी निघते. कुठून निघाले ते विचारायची वेळ कधी आली नाही.

१९ एप्रिल, रविवार. टोपीका

महिना झाला. सूर आणखी सोपा झालाय. मध्ये पाचसहा दिवस पुन्हा जड वाटत होता, मी घाबरले होते, आणि गुरुवारी एकदम मोकळा. डॉक्टरांच्या भाषेत, खुशाल गात राहा. महिन्याने ओमाहाला डॉक्टरांना दाखवायची वेळ ठरली होती, ती पत्र टाकून रद्द केली. बरं असताना डॉक्टरला तोंड कशाला दाखवायचं.

सकाळी उठल्यावर आवाज हमालासारखा निघतो, दहा वाजेपर्यंत सुटत नाही. ते बसमधल्या सिगारेटींमुळे. आणि गाण्याच्या पहिल्या ओळी आता छातीत फार खोल जातात, तळ लागत नाही असं वाटतं. वेंडेलला म्हटलं, माझा आवाज भारदस्त होत चाललाय का रे? तो म्हणाला, "चांगला होत चाललाय." आणि कान लाल झाले त्याचे.

१० मे, रविवार

आईचं पत्र. कॅन्सस सिटीहून रेडिओवर झालेलं माझं गाणं तिने ऐकलं. मी रेडिओवर असले की ती स्वयंपाकघरात मांडीवर अकॉर्डियन घेऊन बसते आणि साथ करते. लिहिते, "छान गायलीस, पण माझी बटणं जुळेनात. दरवेळी जिथे बोट ठेवलं तिथे तू नव्हतीस, खालीच कुठेतरी होतीस. तळघरात बसून गात होतीस का? जेवतेस ना वेळेवर?"

अकॉर्डियन आजोबांचं आहे, त्यातून निम्मी हवा बाहेर जाते. आईला लिहिलं, आता ते विकून टाक.

१६ जून, मंगळवार. शिकागो

शिकागो. काल पहिला दिवस झाला. हॉटेलच्या दारात बँडची पाटी लावलीय, तिच्यात खाली माझं नाव आहे: गायिका, मिली नॉर्थ. आमचं आडनाव सेव्हेरा, ते या पाट्यांवर कुठे चालणार. 'दिवा' दोनदा गावं लागलं. एका बाईने माझा हात धरून सांगितलं की तिचा मुलगा सैन्यात गेलाय आणि माझ्या आवाजात धूर आहे. धूर म्हणजे काय हे तिलाही सांगता येईना, पण रडत होती.

म्हाताऱ्याने पाठीवर थाप मारली. "पिओरियाच्या पोरीला मी तिचे फोटो परत पाठवले." त्याच्या भाषेत हे प्रेमपत्र आहे.

'ये' आता हसतखेळत येतो. तरी आज दुपारी खोलीत सहज, बिन पियानोची, आरशासमोर गाऊन बघितलं, मनात येईल तिथून सुरुवात करून, आणि वर जाऊन चक्क अडकले. मग लक्षात आलं की गळा तापवलाच नव्हता. रात्री बँडबरोबर ठीक होता.

१ जुलै, बुधवार

वेंडेलला सैन्याचं बोलावणं आलं. सोमवारी निघायचं. एवढ्या जाड चष्म्याच्या माणसाला बंदूक देणार, म्हणजे आपली काय वेळ आली आहे बघा.

५ जुलै, रविवार

वेंडेलबरोबर तळ्याकाठी फिरायला गेले. तो फार अस्वस्थ होता. दोनदा काही बोलायला लागला आणि थांबला. शेवटी म्हणाला, "मिली, नवीन पियानोवाला येईल त्याला सांग, तुझ्या गाण्यांची निळ्या पेन्सिलीने खूण केलेली पानं घ्यायची. दुसरी नाही. विसरू नकोस."

"का? त्यात शेवट बदललायस का?"

"नाही... तुला ती सोयीची आहेत, एवढंच."

मला वाटलं, लग्नाचं विचारतोय की काय. विचारलं असतं तर काय म्हटलं असतं, माहीत नाही. बहुतेक हो म्हटलं असतं. त्याने एवढंच विचारलं की गळा आता कसा आहे, आणि मी म्हटलं, बरा झाला, तुझ्या डोक्याला उगाच ताप दिला. त्याचा चेहरा असा उजळला की मीच लाजले.

२८ जुलै, मंगळवार. रात्री

आजचं आजच लिहून टाकते.

एक तारखेपासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंग बंद ठेवायचं ठरवलंय. त्यामुळे शहरातले सगळे बँड आठवडाभर रेकॉर्डिंगच्या खोल्यांपुढे रांगेत. आम्हाला सकाळी दहा ते एक वेळ मिळाली. नवीन पियानोवाला फिंच, चोपडा, व्यवस्थित माणूस. मी त्याला निळ्या पेन्सिलीचं सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, आणि रोज तीच पानं लागत होती. आज त्याने ती मांडली तसा काचेपलीकडचा कंपनीचा माणूस म्हणाला, "बँड असा मेल्यासारखा का वाजतोय? ट्रम्पेटला चमक नाही."

फिंच म्हणाला, "पट्टी वाईट आहे साहेब. दुसरी पानंही आहेत याच गाण्याची, मूळ पट्टीतली."

म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मूळची घ्या."

मला काहीच कळलं नाही. देवाशपथ, काहीही कळलं नाही. फिंचने चार सूर वाजवले, मी निघाले, आणि दुसऱ्या ओळीतच वाटलं की जिन्याच्या पायऱ्या कुणीतरी उंच केल्या आहेत. 'ये' आला तेव्हा नुसती हवा आली. पुन्हा केलं. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा तर मधल्या ओळीतच आवाज गेला आणि परत आला नाही, बोलायलासुद्धा.

फिंच म्हणाला, "बाई, तुम्ही गेले काही महिने चार पट्ट्या खाली गाताय. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी स्पडकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. "आम्हाला वाटलं तुझ्याच सांगण्यावरून चाललंय, मैने. वेंडेल म्हणाला, याविषयी बोलायचं नाही. आम्हाला वाटलं, तुला लाज वाटत असेल म्हणून. मार्चपासून एकेक पट्टी उतरत आलाय तो. स्वतःची पट्टी कुणाला कळत नाही गं?"

साडेबारा वाजले होते. म्हाताऱ्याने घड्याळ बघितलं आणि शब्दांशिवाय गाणं करायचं ठरवलं. माझी जागा स्पडने ट्रॉम्बोनवर वाजवली, 'ये'सकट. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. सवयीने मी हसत होते, असं नंतर फिंच म्हणाला.

३ ऑगस्ट, सोमवार. ओमाहा

डॉ. लिंडक्विस्टनी पाटी दिली, त्यावर लिहून मी बोलले. आरसा बाहेर काढून ते बराच वेळ हात धूत राहिले. गाठ आता वाटाण्याएवढी आहे आणि निबर.

"महिन्याने यायचं ठरलं होतं आपलं."

मी लिहिलं, सूर सोपा झाला होता.

"शक्य नाही," ते म्हणाले. मग मी सगळं लिहिलं, पाटी चार वेळा पुसून. त्यांनी शेवटचं वाचलं आणि फक्त म्हणाले, "एप्रिलमध्ये सहा आठवडे पुरले असते, पोरी."

पिओरियाची मुलगी शुक्रवारीच शिकागोला पोचली म्हणे.

१४ सप्टेंबर, सोमवार. सीडर रॅपिड्स

सुरी झाली. आईकडे आहे. दोन महिने मौन. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल, जरा घोगरं. गाण्याचं विचारलं तर खिडकीबाहेर बघून म्हणाले, "स्वयंपाक करता करता गुणगुणायला हरकत नसावी."

मला वेंडेलचा राग येतो. इतका की घास उतरत नाही. त्याने मला बघायचा आरसाच गोड करून दिला. मी आजारी माणसासारखी रोज त्यात बघत होते आणि तो मागून तो पुसत होता. आणि वर कान लाल करत होता! आई म्हणते, मुलगा मनाने चांगला दिसतो. मी पाटीवर लिहिलं, हो ना, चांगलाच आहे, म्हणून तर.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

काल वेंडेलची तार आली. रविवारी दुपारी त्यांच्या पलटणीची गाडी इथून पश्चिमेला जातेय, वीस मिनिटं थांबेल. तिथून बोटीवर. 'भेटशील का. खूप सांगायचंय.'

कालपासून एक कागद लिहितेय. सात वेळा फाडला. शेवटी चारच ओळी ठेवल्या: मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले होते, उंच सूर आपोआप सोपा झाला तरच गात राहा, नाहीतर ताबडतोब गप्प बस. तू तो सोपा केलास. मला वाटलं मी बरी होतेय. आता माझं गाणं संपलं.

११ ऑक्टोबर, रविवार

फलाटावर गावातल्या बायका शिपायांना कॉफी आणि पाव वाटत होत्या. वेंडेल उतरला तेव्हा ओळखू आला नाही, डोकं भादरलेलं, कान आणखीच मोठे दिसत होते. मला बघून धावतच आला.

"बोलत का नाहीस?" मी गळ्याकडे बोट दाखवून वहीत लिहिलं, डॉक्टरांची मनाई आहे. "म्हणजे अजून जपतेयस! शाबास! जपायलाच हवं." आणि मग हात धरून घाईघाईने, कुणी अडवेल या भीतीने बोलावं तसा, सांगत सुटला. "आता सांगायला हरकत नाही. ती निळ्या पेन्सिलीची पानं, मिली, मी पट्टी उतरवत होतो. एकेक, हळूहळू. चार पट्ट्या! तुला पत्ताही लागला नाही. तू इतकी घाबरलेली होतीस ना, मला बघवत नव्हतं. पाच-पाच रात्री जागून चौदाजणांची पानं लिहायचो. आयुष्यात एक काम मला नीट जमलं असेल तर ते एवढंच. छावणीत रात्री झोप येत नाही तेव्हा मी तेच आठवत पडतो."

कागद कोटाच्या खिशात होता. तो असा हसत नसता, तर मी कदाचित दिला नसता. किंवा उलट असेल. मला आता सांगता येत नाही. मी दिला.

त्याने वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. शिट्टी झाली, सार्जंट ओरडायला लागला, तरी तो तिथेच उभा. मग अगदी हळू म्हणाला, "हे डॉक्टर मार्चमध्ये म्हणाले होते?"

मी मान हलवली.

"मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस गं?"

पेन्सिल माझ्या हातात होती. वही उघडी होती. सात वेळा कागद फाडला, पण हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

त्याला दोघांनी ओढून डब्यात घेतलं. गाडी हलली तेव्हा तो दारात होता, कागद मुठीत. तोंडाला हात लावून ओरडला, "पण पुन्हा गाशील ना? मिली! गाशील ना?"

गाडीबरोबर चार पावलं धावत मी जोरजोरात मान हलवली. हो, हो म्हणून.